कोलंबसाचे हिंदुस्थान आणि साष्टीचा किनारा

व्हेनिसचा व्यापारी मार्को पोलो याने आपल्या प्रवासाची हकीकत १२९८ च्या सुमारास जिनोआ शहराच्या बंदीखान्यात एका सहबंद्याकडून लिहवून घेतली. तीत हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील ‘ताना’ नावाच्या राज्याविषयी एक छोटेसे प्रकरण आहे. तेथील राजा स्वतंत्र असून कोणास खंडणी देत नाही. तेथे मिरी पिकत नाही, पण एक प्रकारचा तपकिरी धूप होतो. कमावलेले कातडे आणि सुती कापड यांचा व्यापार मोठा आहे. समुद्रावर चांच्यांचा सुळसुळाट आहे आणि त्यांना राजाचीच फूस आहे, कारण लुटीत सापडतील ते घोडे राजाने घ्यावयाचे असा करार ठरलेला आहे, असा मजकूर त्यात आढळतो. हे ताना म्हणजे आपले ठाणे. ज्या खाडीच्या काठी घाटकोपर वसले आहे, त्याच खाडीवरचे ते जुने बंदर.

या हकीकतीच्या लॅटिन भाषांतराची एक छापील प्रत स्पेनमधील सेव्हिल शहरी आजही जपून ठेवलेली आहे. तिच्या समासांत जागोजाग टिपणे केलेली आहेत, आणि ही प्रत ख्रिस्तोफर कोलंबसाच्या संग्रहातील आहे. योगायोग असा की, ज्या जिनोआ शहराच्या तुरुंगात ही हकीकत लिहिली गेली, त्याच शहरी १४५१ मध्ये कोलंबसाचा जन्म झाला. ज्या ‘इंडीज’ देशांसाठी त्याने अटलांटिक महासागर चार वेळा ओलांडला, त्या देशांत ठाण्याचीही गणना होती. तेथे तो कधीच पोहोचला नाही. परंतु त्याच्या आणि त्याच्यामागून गेलेल्या स्पॅनिश दर्यावर्द्यांच्या सफरींचे परिणाम मात्र या खाडीच्या काठी येऊन पोहोचले आणि ते आज घाटकोपरच्या घरोघरी, स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत, नांदत आहेत. मराठीत ‘शोध’ हा शब्द दोन अर्थांनी योजतात. हरवलेल्या वस्तूचा शोध घेतात आणि अज्ञात वस्तूचा शोध लागतो. कोलंबसाने शोध घेतला एका देशाचा. शोध लागला दुसऱ्याच देशाचा. ही चूक कशी घडली, तिचे फळ कोणाच्या पदरात पडले आणि तिची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासारखे आहे.

पंधराव्या शतकात युरोपातील लोक ‘इंडीज’ हे नाव फार सैलपणे वापरीत. सिंधुनदीच्या पलीकडचा सारा मुलूख, चीन आणि जपानसुद्धा, त्यात येई. तेथील मिरी, लवंग, दालचिनी, रेशीम हा माल अरब व व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातून युरोपात जाई व प्रत्येक टप्प्यावर त्याची किंमत चढत जाई. हे दलाल टाळून थेट इंडीजला जाण्याची वाट पोर्तुगालचे राजे आफ्रिकेच्या किनाऱ्याने शोधीत होते, आणि १४८८ मध्ये बार्तोलोमेउ दियास आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडून परत आला होता. कोलंबसाचे म्हणणे असे की, पूर्वेकडील देशांस पश्चिमेकडूनही जाता येईल आणि ही वाट जवळची पडेल.

त्या काळचे पंडित पृथ्वी सपाट मानीत आणि कोलंबसाने ती गोल असल्याचे सिद्ध केले, अशी एक गोष्ट शाळकरी पुस्तकांतून पुष्कळ वर्षे सांगितली गेली. ती खरी नाही. पृथ्वी गोल आहे हे ग्रीकांना ठाऊक होते, अरबांना ठाऊक होते, आणि आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’त ते स्पष्टपणे मांडले आहे. पोर्तुगाल व स्पेन येथील पंडितांचा कोलंबसाशी वाद होता तो पृथ्वीच्या आकाराविषयी नसून तिच्या मापाविषयी होता. अल्-फर्गानी या ज्योतिषाने पृथ्वीच्या एका अंशाचे जे माप अरबी मैलांत दिले होते, ते कोलंबसाने आखूड अशा रोमन मैलांत धरले. त्यामुळे त्याची पृथ्वी खऱ्या पृथ्वीहून सुमारे एक चतुर्थांशाने लहान झाली. शिवाय आशिया खंड त्याने फार लांबवर पूर्वेकडे पसरलेले मानले. या दोन चुकांच्या बेरजेने कॅनरी बेटांपासून जपान सुमारे २,४०० सागरी मैलांवर येऊन बसले. खरे अंतर सुमारे १०,६०० सागरी मैल आहे. पंडितांनी त्याची योजना नाकारली ती अज्ञानामुळे नाकारली नाही. हिशेब त्यांचाच बरोबर होता. वाटेत अमेरिका खंड आडवे आले नसते, तर कोलंबस आणि त्याचे खलाशी अन्नपाण्यावाचून समुद्रातच संपले असते.

पोर्तुगालच्या राजाने नकार दिल्यावर कोलंबस स्पेनला आला. तेथे फर्डिनंड राजा आणि इसाबेला राणी यांच्या दरबारी त्याला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रानाडाचे मुसलमानी राज्य स्पेनच्या हाती आले, युद्धाचा भार उतरला, आणि १७ एप्रिल रोजी करार झाला. सफर यशस्वी झाल्यास कोलंबसाने दर्यासारंग व्हावे, सापडलेल्या मुलखाचा कारभार पाहावा आणि तेथील उत्पन्नाचा दशांश घ्यावा, अशी त्यातील कलमे होती. ज्या भूमीची वाटणी अशी कागदावर झाली, ती भूमी कोठे आहे आणि तिचे धनी कोण आहेत हे त्या वेळी दोन्ही पक्षांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

३ ऑगस्ट १४९२ रोजी पालोस बंदरातून ‘सांता मारिया’, ‘पिंता’ आणि ‘निन्या’ ही तीन गलबते सुमारे ९० माणसे घेऊन निघाली. कॅनरी बेटांतील गोमेरा येथे शिधापाणी भरून ६ सप्टेंबरला त्यांनी पश्चिमेचा रस्ता धरला. मापात चुकलेला हा माणूस वाऱ्यांच्या ज्ञानात मात्र पक्का होता. त्याचे खरे दर्यावर्दीपण येथेच दिसते. कॅनरी बेटांच्या अक्षांशावर ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे वाहणारे वारे बारमाही मिळतात. ते गलबतांना पाठीमागून ढकलीत नेतात. परतताना त्याच वाटेने येऊ गेल्यास हेच वारे तोंडावर येतात. म्हणून परतीच्या वेळी तो आधी उत्तरेकडे चढला आणि तेथील पश्चिम वाऱ्यांवर शीड उभारून घरी आला. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना, किंवा पावसाळी वाऱ्याच्या आगेमागे अरबस्तानच्या सफरी बेतणाऱ्या कोकणातील नाखव्यांना, हे तत्त्व काही नवे वाटणार नाही. वारा कोणत्या ऋतूत कोठून वाहतो हे ज्याला कळले त्याला समुद्र कळला. अटलांटिकवरील जाण्याची आणि येण्याची ही दुहेरी वाट पुढे साडेतीनशे वर्षे शिडाच्या जहाजांनी वापरली.

१२ ऑक्टोबर १४९२ च्या पहाटे, गोमेरा सोडल्यापासून ३६ व्या दिवशी, ‘पिंता’वरील एका खलाशाला जमीन दिसली. ते बहामा द्वीपसमूहातील एक बेट होते. तेथील लोक त्याला ग्वानाहानी म्हणत. कोलंबसाने त्याचे नाव सान साल्वादोर ठेवले. आपण इंडीजला पोहोचलो या खात्रीने त्याने त्या लोकांना ‘इंदिओ’ म्हटले. ते ताइनो नावाच्या जमातीचे लोक होते. शेती करणारे, कापसाचे सूत काढणारे, एका लाकडाच्या होड्या कोरून बेटाबेटांवर फिरणारे. त्या दिवशी त्यांचे स्वतःचे नाव मागे पडले आणि एका दूरच्या देशाचे नाव त्यांना चिकटले.

चुकीच्या समजुतीने चाललेला हा शोध किती विलक्षण होता याचे एक उदाहरण नोव्हेंबर १४९२ मधील आहे. क्युबाचा किनारा लागल्यावर हाच आशियाचा मुलूख असावा असे कोलंबसाला वाटले. त्याने चीनच्या बादशहाचा ठाव घेण्यासाठी दोन माणसे बेटाच्या आत पाठविली. त्यांपैकी लुईस दे तोरेस याला हिब्रू, खाल्डी आणि थोडी अरबी येत असे. पूर्वेच्या दरबारात अरबी समजेल या भरवशावर त्याला सफरीत घेतले होते. त्यांना सुमारे ५० घरांचे एक गाव भेटले. अरबी कोणालाच कळली नाही. परत येताना त्यांनी एक नवल पाहिले: हातात पेटत्या पानांची गुंडाळी धरून तिचा धूर ओढीत चाललेले स्त्रीपुरुष. युरोपीय माणसाने पाहिलेली ही तंबाखूची पहिली ओळख. आता याच्याशी वास्को द गामाच्या सफरीतील प्रसंग ताडून पाहावा. १४९८ च्या मे महिन्यात त्याचा पहिला माणूस कालिकतच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याला ट्यूनिसचे दोन मुसलमान व्यापारी भेटले, आणि त्यांना स्पेनची कास्तिली भाषा आणि जिनोआची बोली या दोन्ही येत होत्या. कोलंबसाने हिंदुस्थानसाठी जो दुभाषा नेला तो निरुपयोगी ठरला. खऱ्या हिंदुस्थानच्या बंदरात तर कोलंबसाची मायबोली बोलणारी माणसे आधीच हजर होती.

सोने आणि मसाले ही सफरीची दोन उद्दिष्टे. सोने एस्पान्योला बेटावर, म्हणजे आज हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक जेथे आहेत त्या बेटावर, थोडेफार सापडले. मिरी मात्र कोठेच नव्हती. त्याऐवजी ताइनो लोक ‘अही’ नावाचे एक लाल, झणझणीत फळ प्रत्येक जेवणात खात. १५ जानेवारी १४९३ च्या रोजनिशीत कोलंबसाने नोंद केली आहे की, अही ही यांची मिरी असून ती नेहमीच्या मिरीपेक्षा सरस आहे, आणि दरसाल ५० गलबते भरतील इतकी ती येथे मिळेल. वनस्पतिशास्त्राप्रमाणे मिरीचा आणि या फळाचा काडीचाही संबंध नाही. पण मिरीच्या शोधात निघालेल्या माणसाने तिखट फळाला मिरी म्हणावे हे स्वाभाविकच होते. ही अही म्हणजे मिरची. मिरीच्या नावावरून तिला मिरची म्हणणाऱ्या मराठी माणसाने पुढे अगदी त्याच रीतीने विचार केला.

मार्च १४९३ मध्ये कोलंबस स्पेनला परतला आणि त्याचा मोठा गौरव झाला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला तो दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा त्याच्याबरोबर १७ गलबते आणि हजारावर माणसे होती. या वेळी उद्देश वसाहत करण्याचा होता. पहिल्या सफरीत एस्पान्योलावर ठेवलेली ३९ माणसे मेलेली आढळली. त्यांनी सोन्यासाठी व स्त्रियांसाठी केलेल्या जुलमाचा तो परिणाम होता. पुरेसे सोने मिळेना, तेव्हा माणसेच विकण्याचा विचार पुढे आला. फेब्रुवारी १४९५ मध्ये सुमारे ५५० ताइनो स्त्रीपुरुषांना गुलाम म्हणून स्पेनला रवाना करण्यात आले. त्यांपैकी सुमारे २०० वाटेतच मरण पावले. शोधाच्या कथेला येथून जे वळण लागले ते पुढे कधी सुटले नाही.

दरम्यान युरोपात या नव्या मुलखांवरील मालकीचा प्रश्न उभा राहिला. पोपने १४९३ मध्ये दिलेला निवाडा पोर्तुगालला मान्य होईना, म्हणून ७ जून १४९४ रोजी स्पेनमधील तोर्देसियास या गावी दोन्ही राज्यांत तह झाला. केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेस ३७० लीगांवर एक उभी रेघ कल्पून तिच्या पश्चिमेकडचे सारे स्पेनचे आणि पूर्वेकडचे सारे पोर्तुगालचे, असे ठरले. ठाण्याच्या खाडीवर त्या वर्षी मीठ पिकविणाऱ्या आगऱ्यांना, मासे पकडणाऱ्या कोळ्यांना किंवा भातशेती करणाऱ्या कुणब्यांना याचा पत्ताही नव्हता. परंतु त्या तहाच्या दृष्टीने साष्टी बेट पोर्तुगालच्या वाट्यात गेले होते. ग्वानाहानीच्या ताइनोला आणि साष्टीच्या आगऱ्याला कोणीही विचारले नव्हते. या दोघांचे नशीब एका कागदावर, एका रेघेच्या दोन बाजूंना, एकाच दिवशी लिहिले गेले.

१४९८ हे वर्ष मोठे अर्थपूर्ण आहे. मे महिन्यात वास्को द गामा कालिकतला पोहोचला. त्याच महिन्याच्या ३० तारखेला, ही बातमी युरोपात कळण्यापूर्वी, कोलंबस आपल्या तिसऱ्या सफरीवर निघाला. या सफरीत त्याने त्रिनिदाद बेट आणि दक्षिण अमेरिकेचा किनारा पाहिला. ओरिनोको नदीचे गोडे पाणी समुद्रात दूरवर पसरलेले पाहून, एवढी मोठी नदी बेटावर असू शकत नाही, ही एखाद्या मोठ्या खंडाची भूमी असली पाहिजे, हे त्याने ओळखले. सत्याच्या इतक्या जवळ येऊनही आशियाची कल्पना त्याला सोडवेना. वसाहतीतील बेबंदशाहीमुळे १५०० मध्ये त्याला बेड्या घालून स्पेनला परत पाठविण्यात आले. पुढे त्याची सुटका झाली, चौथी सफरही घडली आणि तीत जमैकाच्या किनाऱ्यावर वर्षभर अडकून राहण्याचा प्रसंग त्याच्यावर आला. २० मे १५०६ रोजी तो मरण पावला तेव्हा आपण पूर्वेचे देश गाठले ही त्याची श्रद्धा कायम होती. दुसऱ्याच वर्षी एका जर्मन नकाशाकाराने नव्या खंडाला अमेरिगो व्हेस्पुची या फ्लॉरेन्सच्या दर्यावर्द्याचे नाव दिले. ज्याने देश चुकीचा ओळखला त्याचे नाव गेले. हे नवे जग आहे असे ज्याने म्हटले त्याचे नाव राहिले.

पश्चिमेकडून पूर्वेस जाण्याची कल्पना स्पेनने तरीही सोडली नाही. १५१३ मध्ये बाल्बोआने पनामाच्या डोंगरावरून पलीकडचा महासागर पाहिला. ती वाट शेवटी पुरी केली ती फर्नांदो मॅगेलनच्या आरमाराने. हा मॅगेलन जन्माने पोर्तुगीज. १५०५ मध्ये हिंदुस्थानात येऊन त्याने दीवच्या आणि मलाक्काच्या लढायांत भाग घेतला होता. पोर्तुगालच्या राजाशी बिनसल्यावर तो स्पेनच्या चाकरीत गेला आणि सप्टेंबर १५१९ मध्ये पाच गलबते घेऊन निघाला. २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपाईन बेटांत तो मारला गेला. एल्कानो या खलाशाने ‘व्हिक्टोरिया’ हे एकच गलबत लवंगांनी भरून, पोर्तुगीजांच्या भयाने हिंदुस्थानचा किनारा दूर टाळून, आफ्रिकेला वळसा घालून ६ सप्टेंबर १५२२ रोजी स्पेनला आणले. त्यावर १८ माणसे उरली होती. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली. पण हिंदुस्थानच्या भूमीला स्पेनचे पाय या वेळीही लागले नाहीत.

साष्टीत आले ते पोर्तुगीज. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई, मुंबईची बेटे आणि साष्टी त्यांच्या हवाली केली. पुढे १६६१ मध्ये मुंबई बेट राजकन्येच्या आंदणात इंग्रजांना मिळाले, तरी साष्टी पोर्तुगीजांनी सोडली नाही. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेईपर्यंत आजचे घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही सारी भूमी दोनशे वर्षे त्यांच्या अंमलाखाली होती. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्याचे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर झाले ते याच काळात. यातही एक गंमत आहे. १५८० मध्ये पोर्तुगालची गादी निपुत्रिक झाली आणि स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने ती मिळविली. त्यानंतर १६४० पर्यंत, साठ वर्षे, स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. कारभार पोर्तुगीजांच्याच हाती राहिला हे खरे. तथापि इसाबेला राणीच्या वंशजाचे छत्र या काळात साष्टीवर होते. कोलंबसाला जे साधले नाही ते स्पेनच्या राजघराण्याला एका वारसाहक्काने मिळाले.

परंतु राजांपेक्षा रोपे अधिक दिवस टिकली. लिस्बनहून गोव्याला येणारी काही गलबते वाटेत ब्राझीलला लागत. त्यांतून आणि स्पॅनिश वसाहतींतून अमेरिकेची फळे, कंद आणि बिया कोकणात उतरल्या. अननस आणि काजू ही नावे ब्राझीलच्या तुपी लोकांची, पोर्तुगीज तोंडातून मराठीत आलेली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘आईन-इ-अकबरी’त अननसाचा उल्लेख आहे; पाकशाळेच्या मसाल्यांत मिरी आहे, मिरची मात्र नाही. मुंबईकडे मिरचीला पूर्वी ‘गोवाई मिरची’ म्हणत. ती कोणत्या वाटेने आली हे त्या नावातच सांगितलेले आहे. क्युबात पाहिलेली तंबाखू विजापूरला इतकी स्थिरावली होती की, १६०४ च्या सुमारास असदबेग नावाच्या मोगल वकिलाने ती तेथून नेऊन अकबर बादशहास नजर केली. तोरेसच्या त्या फेरीस तेव्हा जेमतेम ११२ वर्षे झाली होती.

आषाढी एकादशीच्या दिवशी घाटकोपरच्या एखाद्या घरातील फराळाचे ताट पाहावे. साबुदाण्याची खिचडी आहे. आपल्याकडील साबुदाणा कॅसाव्हा या अमेरिकन कंदाच्या पिठाचा करतात, आणि ताइनो लोकांची भाकरी याच कंदाची असे. खिचडीत शेंगदाण्याचे कूट आहे. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. हिरवी मिरची अमेरिकेची, बटाटा पेरूच्या डोंगरांतला, बाजूला उकडलेले रताळे तेही अमेरिकेचेच. पपई, पेरू, चिकू ही फळेही त्याच खंडातील. तूप, जिरे आणि मीठ एवढेच काय ते जुन्या जगातले. उपवासाला धान्य वर्ज्य आणि कंदमुळे-फळे ग्राह्य, असा नियम होता. नवे कंद आले ते निमूटपणे त्या नियमात जाऊन बसले, आणि पाहता पाहता सोवळ्यातले झाले. दसऱ्याला दाराला बांधावयाचा झेंडू मेक्सिकोचा. देवाला वाहावयाचा निशिगंध मेक्सिकोचा. देवळाच्या आवारातील चाफाही अमेरिकेच्याच उष्ण प्रदेशातला. परकी वस्तू आपलीशी करून तिला देवघरात जागा देणे हा या भूमीचा स्वभाव आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काहीच नाही. मात्र ‘हे सारे पूर्वापार आमचेच’ असे म्हणताना जरा थांबावे, एवढे शहाणपण ते फराळाचे ताट शिकविते.

यांपैकी एका शब्दाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. ‘बटाटा’ हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला. युरोपीयांनी तो घेतला ताइनो लोकांकडून. त्यांच्या भाषेत ‘बटाटा’ म्हणजे रताळे. युरोपात दोन कंदांच्या नावांची गल्लत झाली आणि रताळ्याचे नाव दुसऱ्याच कंदाला मिळाले. रताळ्याला मात्र मराठीने रक्तालूवरून आपले जुने देशी नाव दिले. घाटकोपर स्थानकाबाहेर सायंकाळच्या गर्दीत बटाटेवडा मागणारा मनुष्य, स्वतःला ठाऊक नसताना, ग्वानाहानीच्या लोकांचा शब्द उच्चारीत असतो.

आणि ते लोक? सोन्याच्या खाणींतील सक्तीची मजुरी, शेती मोडल्यामुळे पडलेला दुष्काळ, आणि अंगात प्रतिकारशक्ती नसलेले युरोपीय रोग यांनी त्यांचा संहार केला. १५१४ मध्ये स्पॅनिश अधिकाऱ्यांनी एस्पान्योला बेटावरील मजुरांची वाटणी केली, तेव्हा गणतीत सुमारे २६ हजार माणसे भरली. १५१८ च्या अखेरीस देवी आल्या. १५४८ च्या सुमारास ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराला तेथे पाचशे ताइनो तरी उरले असतील की नाही याची शंका वाटत होती. त्यांच्या जागी राबण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणण्यात आले. या अन्यायाविरुद्ध स्पॅनिश लोकांतूनच आवाज उठला, हेही नोंदले पाहिजे. १५११ मध्ये मोन्तेसिनोस या धर्मगुरूने भर प्रार्थनेत वसाहतवाल्यांना जाब विचारला. स्वतः वसाहतवाला म्हणून आलेल्या बार्तोलोमे दे लास कासास याने आपले गुलाम सोडून दिले आणि उरलेले आयुष्य या लोकांची कैफियत मांडण्यात घालविले; १५५२ मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथाने सारा युरोप हादरला. कोलंबसाच्या पहिल्या सफरीची रोजनिशी आज आपल्याला वाचावयास मिळते, तीही लास कासासने करून ठेवलेल्या सारांशामुळेच. ताइनोंचे रक्त पोर्तो रिकोसारख्या बेटांवरील आजच्या लोकांत अंशतः वाहते, आणि तेथील काही जण आपले ते नाव पुन्हा अभिमानाने सांगू लागले आहेत.

नावाची ती चूक मात्र पुसली गेली नाही. पश्चिमेकडच्या बेटांना ‘वेस्ट इंडीज’ म्हणावे लागले, म्हणून खऱ्या हिंदुस्थानाला ‘ईस्ट’ हे विशेषण जोडावे लागले. इंग्रज व्यापाऱ्यांनी १६०० मध्ये आपल्या कंपनीच्या नावात ते घेतले. पुढे १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, मुंबई, साष्टी व वसई येथील मराठी बोलणाऱ्या मूळच्या ख्रिस्ती समाजाने गोव्याकडील ख्रिस्ती लोकांहून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. कुर्ल्यापासून वसईपर्यंतच्या त्यांच्या गावठाणांतून ते आजही चालू आहे. पिढ्यान् पिढ्या याच मातीत राहिलेल्या समाजाने आपल्याला ‘पूर्वेचे हिंदी’ म्हणवून घ्यावे, याचे मूळ कारण असे की, एका जिनोआच्या दर्यावर्द्याने पाच शतकांपूर्वी पश्चिमेस दुसरेच हिंदी कल्पिले होते.

कोलंबसाला थोर म्हणावे की क्रूर म्हणावे, यावर आज जगात पुष्कळ वाद चालतो. त्याचे धैर्य खरे होते, वाऱ्यांचे ज्ञान खरे होते; त्याचा हिशेब खोटा होता आणि त्याने आरंभिलेला गुलामांचा व्यापार अधम होता. या चारही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि त्यांतील एकीने दुसरी झाकली जात नाही. साष्टीच्या रहिवाशाला तर हा वाद त्रयस्थाप्रमाणे पाहता येणार नाही. तोर्देसियासच्या रेघेने जे वाटले गेले त्यांत त्याचे पूर्वज होते, म्हणून तो ताइनोचा समदुःखी आहे. आणि त्या सफरींतून जे आले त्यावर त्याचा फराळ आणि त्याचा दसरा उभा आहे, म्हणून तो त्यांचा लाभार्थीही आहे. हे दोन्ही नाते लक्षात ठेवून जो हा इतिहास वाचील, त्याला अटलांटिकवरील त्या तीन गलबतांची कथा परक्यांची कथा वाटणार नाही.